भिजलेले लाकूड वाळले पाहिजे

कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर करून पाहिले की गजपृष्ठाकार छताला लागून कमानदार लाकडी फासळ्यांची रांग दिसते. छत खडकाचे आहे. ते तोलून धरायला या फासळ्यांची काहीच गरज नाही. ज्या कारागिरांचे हात पिढ्यान्‌पिढ्या लाकडी सभागृहे बांधत आले होते, त्यांनी दगडातही तोच थाट उभा केला आणि सवयीने लाकूडही बसवले. त्या फासळ्या आणि स्तूपावरची लाकडी छत्री सुमारे २००० वर्षांची आहे. शेजारच्या लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आता दरीपलीकडच्या भाजे लेण्याकडे जावे. तिथल्या चैत्यगृहाच्या तोंडाशी एकेकाळी भलामोठा लाकडी दर्शनी भाग होता. त्याचे आज काहीही शिल्लक नाही. खडकात खोदलेली, तुळया अडकवण्याची भोके तेवढी उरली आहेत.

डोंगर तोच, पाऊस तोच. छताखालचे लाकूड राहिले, पावसात उभे असलेले गेले. उष्ण आणि दमट मुलखात टिकाऊ लाकडी घर कसे बांधावे, या विषयाचा अर्धा अभ्यासक्रम या दोन लेण्यांमध्ये आटोपतो. उरलेला अर्धा मात्र बराच गुंतागुंतीचा आहे.

घर बांधायला निघालेला माणूस सुताराला पहिला प्रश्न विचारतो तो लाकडाच्या जातीचा. साग घ्यावा की ऐन, किंजळ चालेल का, फणस परवडेल का? प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर चौथा किंवा पाचवा लागायला हवा. आपल्याकडे लाकडाचा टिकाऊपणा ठरवण्याची जी जुनी रीत आहे, तिच्यात ५ सेंटिमीटर जाडीचे आणि ६० सेंटिमीटर लांबीचे खुंट अर्धवट जमिनीत पुरतात आणि वाळवी-बुरशीच्या हवाली करतात. या परीक्षेचे नावच ‘ग्रेव्हयार्ड टेस्ट’. ज्या जातीचे खुंट सरासरी १० वर्षे किंवा त्याहून अधिक टिकतात तिला पहिली श्रेणी मिळते. ५ ते १० वर्षांना दुसरी, त्याखाली तिसरी. म्हणजे मातीत उभे केले तर अव्वल लाकडाचीही हमी १० वर्षांपासून सुरू होते. साग याच पहिल्या श्रेणीतला. १० वर्षे आणि २००० वर्षे यांतला फरक झाडाने केलेला नाही. लाकूड कुठे आणि कसे बसवले याने केला आहे.

लाकूड कुजते म्हणजे बुरशी ते खाते. तिला चार गोष्टी लागतात : अन्न, ऊब, हवा आणि पाणी. आपल्या हवामानात पहिल्या तीन बारा महिने हजर असतात, त्यामुळे माणसाच्या हातात राहते ते फक्त पाणी. लाकडातला ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या २० टक्क्यांखाली राहिला, तर बुरशीला कुजवण्याचे काम करता येत नाही. लाकूड भोवतालच्या हवेप्रमाणे ओलावा घेत-सोडत असते. हवेची आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकूड १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. ८५ टक्क्यांना ते १८ च्या जवळ जाते. ९० टक्क्यांना २० च्या उंबरठ्यावर. मुंबईत जुलै महिन्यात हवेची सरासरी आर्द्रता ८५ च्या आगेमागे असते. याचा अर्थ असा, की भर पावसाळ्यातही छपराखालचे, वारा लागणारे लाकूड धोक्याच्या रेषेच्या खाली राहते. पण किती खाली? दोन टक्के. एखादे कौल सरकले, एखादी खिडकी कायमची बंद झाली, भिंतीला ओल चढली, की ते दोन टक्के संपले. थंड आणि कोरड्या देशातले घर अशा चुका पचवते. कोकणातले, केरळातले किंवा मलायातले पचवत नाही.

म्हणून इथे घराचा नकाशा म्हणजे मुळात पाण्याचा नकाशा असतो.

पाणी लाकडात शिरते ते बहुतेक टोकाकडून. झाड जिवंत असताना ज्या सूक्ष्म नळ्यांतून पाणी शेंड्याकडे जात होते, त्या तोडल्यावरही उघड्याच असतात. फळीच्या पाठीपेक्षा तिच्या कापलेल्या तोंडातून पाणी कितीतरी पट वेगाने आत जाते. घरात अशी तोंडे कुठे असतात? खांबाच्या तळाशी, वाशाच्या शेवटाला, भिंतीत गाडलेल्या तुळईच्या टोकाला आणि प्रत्येक सांध्यात, जिथे कुसू खाचेत बसते तिथे. जुने घर उतरवणाऱ्या कुणालाही विचारावे : दहा फुटी तुळई मधोमध खणखणीत असते आणि भिंतीतली वीतभर टोके बोटाने उकरता येतात. मातीच्या किंवा चुन्याच्या दर्जेत ती टोके निदान हळूहळू वाळत तरी होती. गेल्या काही दशकांत दुरुस्तीच्या नावाखाली तीच भोके सिमेंटने गच्च बुजवली गेली, वरून ऑइलपेंटचे थर चढले, आणि शे-दीडशे वर्षे टिकलेली लाकडे डोळ्यांदेखत बसली. सिमेंट वाईट नाही. पण आत गेलेल्या पाण्याला बाहेरची वाट लागते, हे दुरुस्ती करणाऱ्यांच्या गावी नसते.

कोकणातले जुने घर खालून वर वाचत गेले तर ही वाट जागोजाग दिसते. आधी जांभ्या दगडाचे जोते, अंगणापासून दोन-तीन फूट उंच. त्यावर लाकडी खांब थेट टेकत नाही. मध्ये दगडी तळखडा असतो. जोत्यातून चढणारी ओल दगडापाशी अडते आणि पडवी धुतली तरी पाणी खांबाच्या तळाशी साचत नाही. वाळवीला जमिनीतून लाकडापर्यंत यायचे तर मातीची नळी बांधत यावे लागते. ती गुळगुळीत तळखड्यावरून जाताना झाडू मारणाऱ्या बाईच्या नजरेतून सुटत नाही. मग पडवी. तिचे छप्पर मुख्य छपरापेक्षा खाली उतरलेले, इतके की अनोळखी माणसाचे डोके वाशाला आपटावे. त्या उतरत्या छपरामुळे माजघराच्या भिंतीला ना थेट ऊन लागते, ना पावसाची झड. पावसाळ्याआधी पडवीच्या उघड्या बाजूला नारळाची झापे बांधायची आणि दिवाळीच्या सुमाराला ती सोडायची. हा वार्षिक कार्यक्रम घराच्या बांधणीचाच भाग होता. वळचणीच्या पागोळ्या जोत्यापासून दूर पडाव्यात, तिथली जमीन उताराची असावी, एवढे पाहिले जाई. काही ठिकाणी पोफळीच्या पोकळ खोडाची पन्हळ लावून ते पाणी बाजूला काढत.

आणि सगळ्यात वर कौले. साध्या कौलांच्या फटींतून हवा सतत वाहते, त्यामुळे वासे आणि रिपा भिजल्या तरी वाळतात. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे पश्चिम किनाऱ्यावर ‘मंगलोरी’ कौलांचे राज्य झाले. ती एकमेकांत अडकत असल्याने वजन कमी झाले, गळतीही कमी झाली, पण छप्पर श्वास घेतच राहिले. पत्र्याने हे चित्र बदलले. पहाटे थंड पत्र्याच्या खालच्या अंगाला दव धरते आणि थेंब रिपांवर पडतात. त्यातच खाली फळ्यांचे किंवा पीव्हीसीचे बंद छत ठोकले असेल तर तो ओलावा जाणार कुठे? आणखी एक गोष्ट स्वयंपाकघरातून निघून गेली : चुलीचा धूर. त्या धुराने माळ्यावरची लाकडे काळी होत, पण सुकीही राहत आणि किडे तिथे टिकत नसत. गॅस आला ही बायकांच्या डोळ्यांच्या आणि फुप्फुसांच्या दृष्टीने फार चांगली गोष्ट झाली. छपराचे काम मात्र आता वायुवीजनाने करायला हवे, आणि ते नकाशात आधीच काढावे लागते.

केरळातल्या ‘आशारी’ सुतारांनी हेच तत्त्व जास्त बारकाईने हाताळले. पद्मनाभपुरमचा राजवाडा आज तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात आहे, पण त्याची देखभाल केरळ सरकार करते. त्रावणकोरच्या राजांचे हे जुने ठाणे. १८ व्या शतकाच्या मध्यावर मार्तंड वर्म्याने ते मोठ्या प्रमाणावर नव्याने बांधले. तिथल्या लांबट दालनांच्या बाहेरच्या अंगाला भिंतीऐवजी तिरप्या लाकडी पट्ट्या आहेत. बाहेरून येणारा पाऊस त्यांच्यावरून ओघळून खाली जातो, वारा आत येतो, उजेड गाळून येतो आणि आत बसलेल्याला बाहेरचे दिसते, बाहेरच्याला आतले नाही. छपराच्या त्रिकोणी तोंडाशी कोरीव जाळी असते. पर्यटक तिला नक्षी समजून फोटो काढतात. तापलेली, दमट हवा तिच्यातून वर निघून जाते. साग, फणस, आंजिली अशी लाकडे तिथे वापरली आहेत, पण नुसत्या लाकडांच्या यादीवरून तो वाडा पुन्हा उभारता येणार नाही.

पूर्वेकडे गेले की घर जमिनीवरूनच उठते. मलाया, सुमात्रा, बोर्निओ, थायलंड इथली परंपरागत घरे खांबांवर उभी असतात. पुराचे पाणी खालून जाते, वारा जमिनीच्या फळ्यांमधल्या फटींतून वर येतो, आणि घराच्या पोटाखाली काय चालले आहे ते वाकून पाहता येते. हा शेवटचा मुद्दा वरकरणी किरकोळ वाटतो. टिकाऊपणाच्या हिशेबात तो सगळ्यात मोठा आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये १९ व्या शतकात इंग्रजी वळणाची लाकडी घरे बांधायला निघालेल्या वसाहतवाल्यांना वाळवीने चांगला धडा शिकवला. त्यांनी घरे बुंध्यांच्या खांबांवर चढवली आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर पत्र्याची उपडी ताटली बसवली. या ताटलीने वाळवी मरत नाही, थांबतेही असे नाही. तिला लाकडाच्या आतून गुपचूप वर जाता येत नाही, ताटलीच्या कडेवरून उघड्यावर नळी बांधत जावे लागते, आणि मग घरमालकाला ती दिसते. दिसल्यावर खरवडणे त्याच्या हातात. वाळवीशी लढण्याचे बरेचसे शहाणपण एवढेच आहे : तिला उजेडात यायला लावायचे.

मलायी घराचा दुसरा गुण खिळे नसण्याचा. खाच, कुसू आणि पाचर यांवर सगळा सांगाडा उभा. त्यामुळे घर उलगडता येते, हलवता येते. छोटे घर तर गावकरी मिळून खांद्यावर उचलून नेत. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत लोखंडी खिळा गंजतो, फुगतो आणि भोवतालचे लाकूडही सडवतो, ही कटकट यात नाही. पण खरा फायदा वेगळा आहे. जे घर सोडवता येते, त्यातला एकच कुजका तुकडा बदलता येतो.

या गुणाची सर्वांत नाट्यमय साक्ष ब्रह्मदेशात आहे आणि तिचा एक धागा थेट रत्नागिरीत येतो. मंडालेच्या राजवाड्यात मिंडोन राजाचे १८७८ साली निधन झाले. त्याचा वारस थिबा याने वडिलांचा मृत्यू झाला ते सागवानी दालन तिथून हलवण्याचे ठरवले. कामगारांनी ते सांध्यासांध्यात सोडवले, राजवाड्याच्या तटाबाहेर नेले आणि पुन्हा जोडले. तोच आजचा श्वेनान्दॉ मठ. १८८५ मध्ये इंग्रजांनी थिबाला पदच्युत केले, पुढे त्याला रत्नागिरीला आणून ठेवले, आणि १९१६ मध्ये त्याचा तिथेच अंत झाला. मंडालेचा राजवाडा मार्च १९४५ मधल्या लढाईत जळून खाक झाला. बाहेर हलवलेले ते दालन तेवढे वाचले. मठ पाहताना आणखी एक गोष्ट नजरेत भरते : आतल्या खांबांवरचा सोन्याचा मुलामा अजून झळकतो, बाहेरच्या कोरीव कामावरचा ऊन-पावसाने केव्हाच धुऊन नेला आहे. बँकॉकचा विमानमेक प्रासादही असाच एका बेटावरून सोडवून आणलेल्या सागवानी राजवाड्यातून १९०१ साली उभा राहिला. त्याच शहरात १९५९ साली जिम थॉम्प्सन या अमेरिकन रेशीम व्यापाऱ्याने वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेली सहा जुनी थाई घरे जोडून आपले निवासस्थान केले. वापरलेले लाकूड पुन्हा वापरणे ही तिथे हौस नव्हती, रीतच होती. कोकणातही जुन्या घराचे वासे आणि खांब विकत घेऊन नवे घर उभे करणारे कमी नव्हते.

मंडालेजवळच अमरापुऱ्याच्या तलावावर ऊ बेन पूल आहे, सव्वा किलोमीटर लांबीचा, १९ व्या शतकाच्या मध्यावर जुन्या राजधानीतले सागवान वापरून बांधलेला. त्याच्या हजाराहून अधिक खांबांकडे नीट पाहिले तर कुजण्याचा नियम उघड दिसतो. सतत पाण्याखाली असलेला भाग टिकतो, कारण तिथे बुरशीला हवा मिळत नाही. वरचा भाग बऱ्यापैकी टिकतो, कारण तो वाळतो. जिथे पाणी ऋतूप्रमाणे चढते-उतरते तो पट्टा आधी जातो. काही खांबांच्या जागी आता काँक्रीटचे खांब आले आहेत. जमिनीत पुरलेल्या कुंपणाच्या खुंटाचेही असेच होते. तो नेहमी मातीच्या पातळीलाच मोडतो.

सागाची थोरवी यामुळे कमी होत नाही. त्याच्या गाभ्यात नैसर्गिक तेले आणि कीटकांना न मानवणारी द्रव्ये असतात, तो हवामानाप्रमाणे फारसा फुगत-आकसत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली सागाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही पाण्यावर तरंगते आहे. पण हे गुण गाभ्याचे. सालीलगतचे फिकट, कोवळे लाकूड कुठल्याही झाडाचे असो, बुरशीला आणि भुंगेऱ्याला ते सारखेच गोड. १९९० च्या दशकात झटपट श्रीमंत करणाऱ्या सागलागवडीच्या योजनांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत भरभरून येत. पंधरा-वीस वर्षांत तोडलेल्या अशा झाडात गाभा थोडा आणि कोवळे लाकूड फार. नाव सागाचे असते, बाजारभावही सागाचा; टिकाऊपणा मात्र त्या जुन्या जंगली सागाचा नसतो. गिऱ्हाईकाने फळीचा रंग पाहावा, पाटी नव्हे.

मग स्वस्त किंवा कोवळ्या लाकडाचे काय करायचे? यावरचे एक जगभर गाजलेले उत्तर भारतात सापडले. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण शोधले. दाबाखाली लाकडात शिरवले की ते आत घट्ट बसते, पावसाने धुऊन जात नाही. विजेचे आणि टेलिफोनचे खांब, रेल्वेचे स्लीपर, कुंपणे, धक्के यांसाठी ते जगभर वापरले गेले. पुढे आर्सेनिकच्या भीतीने अनेक देशांनी घरगुती वापरातून ते काढून टाकले. बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचे द्रावण माणसाला बरेच कमी घातक; रबराच्या झाडाचे फर्निचर आणि बांबू त्यावरच तगतात. पण ते पाण्यात विरघळते, म्हणून उघड्या पावसातल्या लाकडाला त्याचा उपयोग नाही. म्हणजे रसायन निवडतानाही पुन्हा छपराचाच प्रश्न येतो. कोकणात होड्यांना आणि दारा-खिडक्यांना काजूच्या टरफलाचे तेल लावत. हातांची कातडी सोलवटणारे ते काळे तेल किडीला दूर ठेवते. ते दर काही वर्षांनी लावावे लागते, एवढे मात्र विसरून चालत नाही.

लाकडी घर उकाड्यात खरोखर सुखाचे असते का, ही शंका दख्खनच्या वाचकाला येणारच. उत्तर प्रदेशागणिक बदलते. जिथे दिवस आणि रात्र यांच्या तापमानात फारसा फरक नसतो, हवा चिकट असते, तिथे हलक्या भिंती चांगल्या. त्या उष्णता साठवत नाहीत, सूर्य मावळला की लगेच निवतात. अंगाला आराम मिळतो तो सावलीने आणि वाऱ्याने. विदर्भात किंवा सोलापुराकडे दिवसाचा भाजणारा उन्हाळा रात्री बराच उतरतो. तिथे जाड मातीची किंवा विटांची भिंतच दुपार निभावून नेते. पुण्या-नाशिकच्या वाड्यांनी दोन्हींचा मेळ घातला : सांगाडा लाकडाचा, भरणा मातीचा आणि विटांचा. मेळ चांगला होता, पण आगीपुढे तो हरला. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला शनिवारवाडा, ज्याचे लाकूड जुन्नरच्या रानातून आणले होते, तो फेब्रुवारी १८२८ मध्ये आठवडाभर जळत राहिला आणि मागे तट, दरवाजे आणि जोती उरली. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामची राजधानी पारामारिबो १८२१ आणि १८३२ अशी दोनदा जळली, तरी तिथल्या लोकांनी विटांच्या जोत्यांवर पांढरी लाकडी घरे पुन्हा बांधली. २००२ पासून ते शहर युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. आगीच्या बाबतीत जाड आणि बारीक लाकूड यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. जाड तुळई मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर या गतीने कोळसते आणि बाहेरचा कोळसाच आतल्या भागाला काही काळ राखतो. पातळ पट्ट्या आणि पडदे मात्र भडकतात. स्वयंपाकघर वेगळ्या छपराखाली ठेवण्याची जुनी पद्धत म्हणूनच हसण्यावारी नेऊ नये.

वाऱ्याने मात्र जुन्या शहाणपणातल्या फटी दाखवल्या. १९७४ च्या नाताळात ‘ट्रेसी’ चक्रीवादळाने ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या ७० टक्क्यांहून अधिक इमारती मोडल्या. तपासणीत दिसले की घरे चिरडली गेली नव्हती, उचलली गेली होती. वाऱ्याच्या हिसक्यांवर हिसके बसून स्क्रूभोवतीचा पत्रा फाटला, छप्पर उडाले, आणि छपराविना भिंती पडल्या. तेव्हापासून तिथे छपरापासून पायापर्यंत अखंड पोलादी बंधनाची सक्ती आली. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड भागांत कौले आणि पत्रे पाचोळ्यागत उडाले. इथेच रचनेतला खरा पेच आहे. झड चुकवायला वळचण लांब हवी. वादळात तीच लांब वळचण वाऱ्याच्या हाती सापडते. कॅरिबियन बेटांवर यावर तोडगा निघाला : पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून सुटे बांधायचे. उडालेच तर पडवीचे उडावे, घराचे नाही. चारी बाजूंनी उतरते छप्पर दुपाखीपेक्षा वाऱ्याला कमी पकड देते, हेही तिथे अनुभवाने ठरले. ग्लेन मर्कट या ऑस्ट्रेलियन वास्तुकाराने १९९४ मध्ये उत्तर किनाऱ्यावरच्या यिर्कला इथे पूर्ण केलेल्या घरात काचच नाही. लाकडी आणि प्लायवूडच्या भिंती झडपांसारख्या उचलून उघडतात. पण त्याचा सांगाडा पोलादाचा आहे. शुद्ध लाकडाचा हट्ट धरणाऱ्यांना हे रुचणार नाही. वादळाच्या पट्ट्यात तो हट्ट परवडतही नाही.

भारतात या सगळ्याचा विचार मधल्या काळात जवळजवळ थांबला होता. जंगले वाचवण्याच्या हेतूने केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये आपल्या बांधकामांत लाकडाचा वापर बंद केला. १९९६ मध्ये गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वनतोडीवर कडक निर्बंध आणले. हेतू योग्य होता. पण त्या काळात शिकलेल्या अभियंत्यांच्या पिढीला लाकूड हे दार-चौकटीपलीकडे ठाऊकच झाले नाही, आणि सुतारांच्या मुलांनी अ‍ॅल्युमिनियमची खिडकी बसवायला शिकून घेतले. जुलै २०२० मध्ये ती बंदी उठली. आता लागवडीचे लाकूड, चिकटवलेल्या जाड तुळया, आयात केलेले पाइन असे पर्याय बाजारात आहेत. त्यांतले बरेचसे थंड प्रदेशांच्या हिशेबाने बनतात. युरोपातला तुळईचा तक्ता कोकणच्या जुलैला लागू करायचा तर सांधे, कडा आणि टोके यांचा नव्याने विचार करावा लागतो. प्लायवूडची कड उघडी राहिली की थर सुटतात, किनाऱ्याजवळ साधा जस्तलेपित स्क्रू काही वर्षांत गंजतो आणि बाहेरच्या फळ्यांमागे हवेसाठी मोकळी फट ठेवली नाही तर रंग पोपडे होऊन गळतो.

या पुस्तकाची मांडणी म्हणूनच नेहमीपेक्षा उलटी आहे. लाकडांच्या जाती, त्यांचे भाव, रंध्र आणि रंग हा भाग शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात येतो. त्याआधी सांध्यांची चित्रे आहेत, कुठला तुकडा पंधरा वर्षांनी बदलावा लागेल आणि तो बाकीचे घर न उसवता कसा काढायचा, याचे तक्ते आहेत. पाया, जोते आणि तळखडा दुसऱ्या प्रकरणात आहेत. पहिले प्रकरण वळचणीचे आहे : ती किती पुढे काढायची, तिचे पाणी कुठे पाडायचे आणि पन्हळ तुंबली तर ते कुठून वाहील.